चुलीचा धूर आणि जुनाट दमा

कापसाची वेचणी उरकली म्हणजे अमरावती व अकोला जिल्ह्यांत पऱ्हाट्या उपटून घराशेजारी रचल्या जातात. तुराट्या आणि गोवऱ्यांची त्यात भर पडते. सरपण फुकट मिळते खरे. परंतु त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो, हा विचार क्वचितच केला जातो.

जुनाट खोकला व चढता दम हा विडी ओढणाऱ्यांचा रोग होय, अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ रूढ होती. ती बदलण्यास पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांच्या संशोधनाने मोठा हातभार लावला. इंग्लंडात असताना त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. १५ निरोगी स्वयंसेवकांना डिझेलच्या विरळ धुरात एक तास ठेवण्यात आले. श्वास मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत फरक आढळला नाही. श्वासनलिकांतून नमुने घेतले तेव्हा मात्र दाह स्पष्ट दिसला. वरून ठीक दिसणारा मनुष्य आतून ठीक असतोच असे नाही, ते यामुळे.

पुढे पुण्यास चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम करीत असता त्यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. या रोगाच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज त्यात आहे. सरपणाचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण होय. २०११ च्या फेब्रुवारीत देशातील ८८० शहरे व गावांतील डॉक्टरांकडून एकाच दिवशी आलेल्या दोन लाखांवर रुग्णांची नोंद घेण्यात आली. निम्म्याहून अधिकांची तक्रार श्वसनाची होती. भारतात या रोगाचे रुग्ण १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले, असे २०१८ च्या अहवालात नमूद आहे.

सबब ग्रामसेवकांनी घरोघर जाताना, "बाई, विडी-तंबाखू आहे का?" एवढेच विचारून थांबू नये. चुलीपुढे किती वर्षे गेली, स्वयंपाकघरास खिडकी वा धुराडे आहे काय, जिनमध्ये रुईच्या धुळीत काम केले काय, हेही विचारावे. गॅसची शेगडी घरात असूनही पाणी तापविण्यास चूलच पेटते, हे विसरू नये. सरपण पूर्ण वाळलेले असावे, चूल शक्यतो उघड्यावर मांडावी, आणि लहान मूल धुराजवळ बसवू नये. चाळिशी उलटलेल्या बाईस महिनोन्महिने खोकला असेल, अथवा विहिरीवरून घागर आणताना दम लागत असेल, तर क्षयाची तपासणी करवून घ्यावी. ती निर्दोष निघाल्यास जिल्हा रुग्णालयात फुंकून करावयाच्या स्पायरोमेट्री चाचणीची चौकशी करावी.