पेटी, दांडा आणि एक दोरी

संपादकांना फ्रेडी मर्क्युरी हवा होता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला आणि पुढे ‘क्वीन’ बँडचा गायक म्हणून जगभर गाजलेला पारशी मुलगा. त्याचे सातारा जिल्ह्यातले दिवस, वसतिगृहातली एखादी गंमत, सोबत दोन फोटो, एवढी त्यांची अपेक्षा. मी पसरणीचा घाट चढलो तो याच बेतानं. पण त्या शाळेतल्या मुलांनी काढलेल्या बँडबद्दल वाचता वाचता माझं लक्ष फ्रेडीवरून उडालं आणि एका खोक्यावर जाऊन बसलं. चहाचं खोकं. बँडमधला एक मुलगा ते वाजवायचा.

पाचगणीचा अधिकृत इतिहास चटकन उरकता येतो. महाबळेश्वरच्या पावसात राहणं अवघड, थोडं खाली पाचगणीत बारा महिने राहता येतं, हे साहेबाच्या लक्षात आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जॉन चेसन या इंग्रजाच्या पुढाकारानं गाव वसलं. सिल्व्हर ओकची झाडं आली, बंगले आले, मग साहेबाच्या मुलांसाठी शाळा आल्या. पाठोपाठ पारशांनी शाळा काढल्या, मुस्लिमांनी काढल्या. 1922 साली संजीवन विद्यालय सुरू झालं, 1945 साली बहाई पंथीयांचं न्यू एरा. ‘तारे जमीन पर’ पाहिलेल्यांना न्यू एराचं आवार ओळखीचं आहे. घरापासून तुटलेल्या मुलाची ती गोष्ट पाचगणीत चित्रित व्हावी हे योग्यच झालं. अशी मुलं या गावानं पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत.

फारूख बलसारा त्यांतलाच एक. जन्म 1946 चा, झांझिबारचा. वडील तिथं इंग्रज सरकारच्या नोकरीत. आठव्या वर्षी मुलगा बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीला आला. पुढचे दात बाहेर आलेले, त्यावरून चिडवाचिडवी व्हायची. टेबल टेनिस उत्तम, मुष्टियुद्ध बरं, चित्रकला चांगली. 1958 मध्ये त्याला लहान गटातला सर्वोत्तम अष्टपैलू विद्यार्थी म्हणून करंडक मिळाला. शाळेच्या नाटकांत तो काम करी आणि पियानो शिके. एखादं गाणं रेडिओवर ऐकलं की लगेच पियानोवर बसून ते वाजवायचा, असं त्याचे सोबती सांगत आले आहेत. इथंच त्याचा फ्रेडी झाला.

रेडिओचा उल्लेख आला म्हणून जाता जाता सांगतो. त्या काळात नभोवाणी खातं आपल्या बाळकृष्ण केसकरांकडे होतं आणि त्यांनी 1952 मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली होती. परिणामी सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. तिथं हिंदी गाणी होती तशी इंग्रजीही होती. तरुणांच्या कानावर अभिजात संगीतच पडावं म्हणून धडपडणाऱ्या या मंत्र्याच्या कारकिर्दीतच सह्याद्रीच्या माथ्यावर पाच मुलं रॉक अँड रोल वाजवायला लागली.

त्यांच्या बँडचं नाव ‘द हेक्टिक्स’, साल 1958. ब्रूस मरे गायचा. डेरिक ब्रँच गिटार वाजवायचा, व्हिक्टरी राणा ड्रम, फ्रेडी पियानो. आणि फारंग इराणी चहाचं खोकं. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही मुलं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. पुढं गाणारा फ्रेडी नव्हता, हे पुन्हा सांगायला हवं, कारण आज सगळे तसंच समजतात. तो पियानोमागं बसलेला असे.

आता खोकं. पूर्वी चहा प्लायवूडच्या पेट्यांतून जायचा. कडांना पत्र्याची पट्टी, आत धातूच्या वर्खाचं अस्तर. आसामचा माल कलकत्त्याच्या बंदरातून लंडनला, तिथून गावोगावच्या दुकानांत. माल संपला की पेटी रिकामी. 1956 च्या सुरुवातीला लॉनी डोनेगन या गायकानं ब्रिटनमध्ये ‘स्किफल’ नावाच्या संगीताची लाट आणली आणि खिशात दमडी नसलेल्या पोरांना कळलं की बँड काढायला वाद्यं विकत घ्यावी लागत नाहीत. एक स्वस्त गिटार, कपडे घासायची पन्हाळी फळी आणि चहाची पेटी एवढ्यावर भागतं. लिव्हरपूलच्या जॉन लेननचा ‘क्वारीमेन’ हा शाळकरी बँड असाच उभा राहिला. पुढं त्याचेच ‘बीटल्स’ झाले. आसामची पेटी समुद्र ओलांडून लिव्हरपूलला जाते, तिथल्या पोरांच्या हातात वाद्य होते आणि ती कल्पना तेवढी परत येऊन सह्याद्रीच्या डोंगरात पोचते. पेटी मात्र इथं आधीपासूनच होती.

रचना साधी. पेटी पालथी घालायची, म्हणजे तळ वर येतो. तळाच्या मधोमध भोक पाडून दोरी ओवायची, आतून गाठ मारायची. दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याच्या वरच्या टोकाला बांधायचं आणि दांड्याचं खालचं टोक पेटीच्या काठावर टेकवायचं. ते ठोकायचं नाही, नुसतं टेकवायचं. एक पाय पेटीवर, एका हातात दांडा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी दोरी छेडायची. दांडा मागं रेलला की दोरी ताणते, स्वर चढतो; सैल सोडला की उतरतो. दोरीचं कंपन पातळ प्लायवूडला हलवतं आणि पेटीतली हवा घुमते.

हे वाचून कळतं, पण पटत नाही. म्हणून घरी करून पाहिलं. आंब्याची पेटी उपयोगाची नाही, फळ्यांच्या फटींतून आवाज निसटतो. सुताराकडून प्लायवूडचं बिनफटींचं खोकं करून घेतलं, एक बाजू उघडी ठेवली, नायलॉनची दोरी लावली. आवाज आला, तोही पोटात घुमणारा. पण सूर? इथं या यंत्राचा हट्टीपणा कळतो. स्वर एक सप्तक चढवायचा तर दोरीवरचा ताण चौपट करावा लागतो. दुप्पट नव्हे, चौपट. त्यामुळं खालचे स्वर सहज मिळतात आणि वर जाऊ लागलं की दांडा हाताशी भांडायला लागतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत, दांडा किती कलला म्हणजे पंचम हे कुठंच लिहिलेलं नाही. कानानं ऐकायचं आणि मनगटानं दुरुस्त करायचं, तेही गाणं धावत असताना. बोटं सोलवटतात. अर्ध्या तासानं मी सुराचा नाद सोडला आणि ठेक्यावर समाधान मानलं. बहुधा तिथंच या वाद्याची गंमत आहे. ज्याला सूर येत नाही त्यालाही ते बँडमध्ये घेतं, आणि ज्याला येतो त्याचा घाम काढतं.

दोरी छेडताना एक गोष्ट डोक्यात आली आणि मग जाईना. पोकळ पोट, खाली ताणलेला पडदा, बाजूला उभी काठी, पडद्याच्या मध्यातून काठीच्या टोकाला गेलेली एकच तार: हे तर तुणतुणं. फरक एवढाच की तुणतुण्याची काठी पक्की ठोकलेली असते आणि वरच्या खुंटीनं स्वर एकदा लावला की रात्रभर तोच. पेटीची काठी मोकळी, म्हणून स्वर फिरतो. मी ज्या घाटानं वर आलो त्याच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. गोंधळ, जागरण, वग सगळं त्या मातीतलं, आणि प्रत्येकात मागं उभा राहून तुणतुणं वाजवणारा एक माणूस. एकाच घाटाच्या दोन टोकांना एकतारी यंत्राची दोन भावंडं वाजत होती. इंग्रजी शाळेतल्या मुलांनी खालचं तुणतुणं कधी कान देऊन ऐकलं असेल, असं मला वाटत नाही.

तमाशात या मागच्या माणसांना झीलकरी म्हणतात. शाहिरानं ओळ टाकली की झील धरायची, ‘जी जी’ करत ती उचलून धरायची. लोक शाहिराचं नाव घेऊन घरी जातात. पण झीलकरी उठून गेले तर शाहीर तोंड उघडून उभा राहील. शाळेच्या रंगमंचाचा खरा उपयोग या मागच्या ओळीत असतो, असं माझं मत पाचगणीत पक्कं झालं. ‘हेक्टिक्स’चा फ्रेडीही मागच्याच ओळीतला. 13 जुलै 1985 ला वेम्बलीच्या मैदानावर हजारोंच्या गर्दीपुढं तो आला तेव्हाही पहिल्यांदा जाऊन बसला पियानोवरच. मग उठून पुढं आला.

बाकीच्यांचं काय झालं? डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाला. ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ या 1985 च्या चित्रपटात तो दिसतो. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. खोकंवाल्या फारंग इराणीनं पुण्यात ‘बाउंटी’ नावाचं सिझलरचं रेस्टॉरंट काढलं. कित्येक पुणेकरांनी तिथं धुराचे लोट काढणारी तबकं फस्त केली असतील, मालकानं कुणाला झील दिली होती याचा पत्ता नसताना.

या बँडबद्दल मला आणखी एका गोष्टीचं अप्रूप आहे. त्यांच्या कार्यक्रमांना आई-बाप नसत. फ्रेडीचे तर समुद्रापलीकडे. समोर कोण? वर्गातली पोरं, मास्तर आणि कधी शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या मुली. ज्या पोरांनी सकाळी दातांवरून चिडवलं तीच संध्याकाळी प्रेक्षक. असा प्रेक्षक कौतुक म्हणून टाळी देत नाही. आपल्याकडे याच सुमाराला, 1959 मध्ये, सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’तर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ आणून मुंबईत बालरंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. ते मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाटक होतं आणि फार मोलाचं होतं. वसतिगृहातला उद्योग वेगळा: मुलांनी, मुलांसमोर, रिकाम्या संध्याकाळी केलेला.

ही रिकामी संध्याकाळच आता सापडत नाही. निवासी शाळांच्या जाहिराती पाहा. जेईई, नीट, फाउंडेशन कोर्स हे शब्द आधी, रंगमंचाचा फोटो नंतर. पाच ते सात हा वेळ, ज्यात कुणी काही न शिकवता बँड निघत असे, तो शिकवणीनं घेतला. फ्रेडी शेवटच्या वर्षांत अभ्यासात घसरला होता असं त्याचे चरित्रकार सांगतात. आज पहिल्या घसरणीला त्याचा पियानो बंद झाला असता, आणि त्यासाठी झांझिबारहून फोन आला असता.

स्नेहसंमेलनं मात्र पूर्वीपेक्षा झगझगीत झाली आहेत. नाच बसवायला बाहेरून कोरिओग्राफर, मागं एलईडीचा पडदा, गाणी ट्रॅकवर. मुलांनी ओठ हलवायचे. समोर पालक, प्रत्येकाचा मोबाइल वर, आणि त्या चौकटीत आपलाच मुलगा. मागच्या ओळीतल्या मुलाचे आई-बाप दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला विचारतात, आमच्याला पुढं का नाही घेतलं? शिक्षिका तरी काय सांगणार. मग पुढच्या वर्षी मागची ओळच रद्द होते आणि चाळीस मुलं एका रेषेत, एकच हालचाल करत उभी राहतात.

चहाच्या पेट्याही गेल्या. चहा आता कागदी पोत्यांतून जातो. शाळांच्या संगीतकक्षात चांगली इलेक्ट्रिक बास गिटार असते, कुलपात. ती बिघडली तर नुकसानभरपाई कुणाकडून, हा प्रश्न असल्यामुळं ती फक्त तासाला बाहेर निघते, आणि ज्याला सूर कळतो त्याच्याच गळ्यात पडते. सूर न कळणाऱ्या मुलाला पूर्वी निदान गॅदरिंगच्या खुर्च्या मांडायचं काम मिळत असे. हल्ली तेही मंडप डेकोरेटरकडे गेलं आहे.