कोणासाठी स्वच्छ?

शिसं एकदा जमिनीत गेलं की तिथून हलत नाही. ते कुजत नाही, उन्हानं उडून जात नाही. मातीतले चिकणकण आणि सेंद्रिय द्रव्य त्याला इतकं घट्ट धरतात की पावसाच्या पाण्याबरोबरही ते फारसं खाली उतरत नाही. कारखाना बंद पडतो, भट्टी पाडली जाते, वर गवत उगवतं आणि जागा नकाशावर ‘मोकळी’ दिसू लागते.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठाला, ईस्ट शिकागो नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या एका जुन्या शिसे कारखान्याच्या जागेवर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘वेस्ट कॅल्युमेट’ ही सरकारी वसाहत बांधली गेली. ३४६ घरं, परवडणारं भाडं, शेजारीच प्राथमिक शाळा. राहायला आली ती बहुतांश गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबं. दक्षिणेला लागूनच यूएसएस लेड या कंपनीचा कारखाना होता, तो १९८५पर्यंत चालू राहिला. २०१६च्या जुलैमध्ये महापौरांनी रहिवाशांना घरं सोडायला सांगितलं. तेव्हा तिथं हजाराहून जास्त माणसं राहत होती आणि त्यात सुमारे ६७० मुलं होती. एका अंगणातल्या मातीत किलोमागे ९१,००० मिलिग्रॅमहून अधिक शिसं सापडलं होतं, म्हणजे मातीच्या वजनाचा नऊ टक्के भाग. राहत्या घरांसाठी तेव्हाची मर्यादा किलोमागे ४०० मिलिग्रॅम होती.

अशा जागेची तपासणी खरं तर कुदळ न मारता सुरू होते. पहिला टप्पा निव्वळ कागदांचा. जागा पूर्वी कोणाची होती, तिथं काय बनत होतं, कचरा कुठं टाकत? अमेरिकेत यासाठी एक विलक्षण साधन हाताशी आहे. एकोणिसाव्या शतकापासून आगीच्या विम्यासाठी काढलेल्या शहरांच्या नकाशांत कोणत्या कोपऱ्यात भट्टी होती, कुठं टाकी, कुठं कोठार, हे इमारतीगणिक नोंदलेलं असतं. जोडीला जुनी हवाई छायाचित्रं आणि निवृत्त कामगारांच्या आठवणी. वेस्ट कॅल्युमेट बांधण्याआधी कुणी एवढं वाचलं असतं तरी पुरे होतं.

दुसऱ्या टप्प्यात नमुने घेतात. अंगणाचे भाग पाडून प्रत्येक भागातून सहा-सहा इंचांच्या थरांनी दोन फूट खोलपर्यंतची माती काढली जाते. एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र त्या मातीवर क्ष-किरण सोडतं. अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन त्यामुळे बाहेर फेकला जातो, त्याच्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना ठरावीक ऊर्जेचा किरण सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याचा किरण वेगळा, त्यामुळे शिसं ओळखू येतं. आकडा मिनिटाभरात मिळतो. गोम आहे ती त्याआधीच्या पायरीत. खर्च वाचवायला पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना केला, तर एखाद्या जागी साठलेलं शिसं सरासरीत दडून जातं. मूल मात्र सरासरी अंगणात खेळत नसतं. पायरीजवळची त्याची एक ठरलेली जागा असते.

म्हणूनच मला या शास्त्रातली चाळणी सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१६च्या सूचनेनुसार शिशासाठीची माती दीडशे मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून तपासायची, कारण मुलांच्या बोटांना चिकटून तोंडात जातात ते एवढे बारीक कण. पुढची चाचणी आणखी बोलकी आहे. ही माती आम्लधर्मी द्रावणात ३७ अंश सेल्सियसला तासभर ढवळतात. थोडक्यात, प्रयोगशाळेतलं कृत्रिम जठर. त्यात शिसं किती विरघळतं ते पाहायचं. गॅलेना या खनिजाच्या रूपातलं शिसं कमी विरघळतं, कार्बोनेटच्या रूपातलं भरपूर. म्हणजे दोन अंगणांत आकडा एकच असला तरी मुलाच्या रक्तात उतरणारं विष वेगवेगळं असू शकतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं, त्याला हाडांत जागा देतं आणि मेंदूच्या पेशींमधल्या संदेशांत घुसू देतं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

आता ‘मर्यादा’ या गोष्टीकडे पाहू. ईस्ट शिकागोच्या आराखड्यात घरांसाठी शिशाची मर्यादा ४०० होती आणि उद्योगांसाठी ८००. यात शास्त्रीय लबाडी नाही. गोदामात काम करणारा प्रौढ माती तोंडात घालत नाही, दिवसाचे काही तासच तिथं असतो, म्हणून धोका खरोखरच कमी. पण याचा अर्थ असा की जमीन ‘स्वच्छ’ करण्याचे दोन मार्ग निघतात : माती बदला, नाहीतर माणसं बदला. दोन फूट माती खणून न्यायची, तिच्याखालीही शिसं उरलं असेल तर पुढं खणणाऱ्याला इशारा म्हणून रंगीत जाळी अंथरायची आणि वर नवी माती टाकायची, हे महागडं काम. वेस्ट कॅल्युमेटच्या इमारती २०१८मध्ये पाडल्या गेल्या आणि पुढं त्या जागेसाठी गोदामांसारख्या व्यापारी वापराचा पर्याय आला. जागा २००९पासूनच देशातल्या अतिदूषित स्थळांच्या यादीत होती. २०११मध्ये एका सरकारी आरोग्य संस्थेनं तिथल्या मातीत खेळण्यापासून अपाय अपेक्षित नाही असं लिहून दिलं होतं. कुटुंबं त्या भरवशावर आणखी पाच वर्षं तिथं राहिली. याची मला चीड येते.

स्वस्त उपायांचा शोध अर्थात चालू होता आणि त्यात आपल्या फोडणीतली मोहरीही होती. नव्वदच्या दशकात न्यू जर्सीतल्या ट्रेंटन शहरात, वस्तीतल्या बॅटरी कारखान्याच्या ओसाड जागेवर मोहरी लावून शिसं शोषून घेण्याचा प्रयोग झाला. पण मातीला चिकटलेलं शिसं मुळांना मिळेना, म्हणून ते सोडवायला ईडीटीए हे रसायन घालावं लागे. सुटलेलं शिसं मग भूजलात जाण्याची भीती. शिशाच्या बाबतीत हा मार्ग फारसा पुढे गेला नाही. फॉस्फेट मिसळून शिसं न विरघळणाऱ्या रूपात बांधून ठेवणं जास्त उपयोगी ठरलं, तरी त्यातही शिसं जागेवरच राहतं आणि लक्ष ठेवावं लागतं. दरम्यान निकषही बदलतात. जानेवारी २०२४मध्ये घरांसाठीचा ४००चा आकडा २०० झाला. काल ‘स्वच्छ’ ठरलेली कित्येक अंगणं एका परिपत्रकानं संशयित झाली.

भारतात दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम जुलै २०२५मध्ये आले. त्याआधीच, २०२४मध्ये, राज्य सरकारनं मुंबईच्या धारावीतल्या रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी देवनार कचराभूमीची सुमारे १२४ एकर जागा मंजूर केली होती. १९२७पासून तिथं कचरा पडतो आहे. ढीग उपसले जातील, पण खालच्या मातीत काय झिरपलं आहे, मिथेन किती काळ निघत राहील आणि नमुने किती खोलीवरून, कोणत्या चाळणीनं, कोणत्या वापराचा निकष धरून तपासले, याची उत्तरं पहिल्या इमारतीचा पाया खणण्याआधी मिळायला हवीत. ते अहवाल मराठीत आणि हिंदीत, आकड्यांसकट, तिथं राहायला जाणाऱ्या कुटुंबांच्या हाती पडले पाहिजेत. नको म्हणण्याची मुभाही त्यांना तेव्हाच हवी.