आजोबांच्या कपाटाला रंधा लावू नका



लागण, खोडवा, ठिबक आणि उसाचा भाव हे विषय आपल्या अंकात नेहमीच येतात. आज जरा घरात डोकावू या. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या माजघरात एखादे जुने सागवानी कपाट असेल. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटाखाली ऊस वाढला आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे चरक फिरले. आमच्या आजोबांनी कपाट करून घेतले ते त्याच सुमारास, उसाच्याच पैशातून. सात-बारा, पाटपाण्याच्या पावत्या, शेअरचा दाखला, सारे त्यातच असायचे.

पुढे चुलीच्या धुराने आणि तेलकट हातांनी ते कपाट काळेठिक्कर झाले. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा ते कुणालाच नको होते. जुने सामान घेणारा एक टेम्पोवाला दारात आला आणि म्हणाला, "लाकूड सडलंय, द्या मला. बदल्यात लोखंडी कपाट देतो." थोरले बंधू जवळजवळ हो म्हणाले होते. एक पॉलिशवालाही येऊन गेला. तो म्हणे, "मशीन मारून सगळं खरवडतो, नवं करकरीत करून देतो."

आईने मात्र गावातल्या म्हाताऱ्या सुतारमामांना बोलावणे पाठवले. मामांनी नखाने कोपरा दाबून पाहिला, दार वाजवून पाहिले आणि म्हणाले, "आवं, सडलंय कुठं? नुस्तं कळकटलंय. लाखंचं पॉलिश हाय हे. रंधा लावला तर गेलं म्हणून समजा."

मामांनी सांगितले त्यात मोठे तथ्य आहे. पूर्वी चांगल्या कपाटांना बहुधा लाखेचे पॉलिश करीत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचे बारीक किडे लाख तयार करतात. ती शुद्ध करून तिच्या पातळ पापड्या करतात, त्याला चपडा म्हणतात. झारखंड-छत्तीसगडकडे लाखेचे पीक मोठे आहे. रांचीजवळ नामकुमला तर १९२४ सालीच लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली. हा चपडा पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. आणि स्पिरिट कुठून येते? आपल्याच उसाच्या मळीतून! एक टन उसामागे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते आणि तिच्यापासून नऊ-दहा लिटर अल्कोहोल होते. एका कपाटाला एखाद-दोन लिटर स्पिरिट पुष्कळ झाले.

लाखेचा मोठा गुण असा, की वाळून किती वर्षे झाली तरी स्पिरिट लागले की ती पुन्हा मऊ होते. म्हणजे जुने पॉलिश काढून टाकायची गरज नाही, तेच पुन्हा जागे करता येते.

पहिली गोष्ट, परीक्षा. कपाटाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरावा. जागा चिकट झाली आणि बोळ्याला तांबूस रंग आला तर लाख समजावी. काहीच झाले नाही तर ते दुसरे काही, तेलरंग किंवा अलीकडचे मेलामाइन असेल. त्याला फक्त पुसून मेण लावावे.

दुसरी गोष्ट, मळ काढणे. आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी. एक लिटर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार-पाच थेंब टाकून फडके अगदी घट्ट पिळावे आणि हातभर जागा पुसून लगेच कोरडी करावी. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर चुकूनही वापरू नये. सोड्याने मळाबरोबर लाखही निघून येते. काजळी आणि तेलकटपणा राहिलाच तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा. त्याने लाखेला धक्का लागत नाही. आमच्या कपाटाचे निम्मे काम इथेच झाले. काळ्या थराखालून मधासारखा तांबूस साग वर आला.

तिसरी गोष्ट, पॉलिश जागे करणे. एक लिटर स्पिरिटमध्ये शंभर ते सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्यावा. भांडे काचेचे असावे. लोखंडी भांड्यात पॉलिश काळवंडते. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून या पॉलिशमध्ये ओला करावा, ठिबकेल इतका नको. मग एका दिशेने भराभर हात फिरवावा. मध्ये थांबू नये, थांबलात की बोळा तिथे चिकटून जुना थर उचलतो. बारीक तडे, पेल्याचे पांढरे डाग यातच बरेचसे मिटतात. तासाभराने दुसरा हात द्यावा. तीन-चार पातळ हात पुरतात. पाण्याने पडलेले काळे डाग लाकडात मुरलेले असतात, ते राहू द्यावेत.

हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत पॉलिश पांढुरके पडते. थंडीतली कोरडी दुपार आणि सावली उत्तम. शेवटी मधमाशीचे मेण थोडे लावून कोरड्या फडक्याने घासावे.

आता महत्त्वाची सूचना. स्पिरिटची वाफ झटकन पेट घेते. चूल, विडी, देवापुढचा दिवा यांपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून काम करावे. टर्पेंटाइनचेही तसेच. पॉलिशचे स्पिरिट विषारी असते. ते परवानाधारक दुकानातूनच घ्यावे आणि पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. उघड्या लाकडाला कुणी जवसाचे तेल लावले तर त्याचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नयेत. ते आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवावेत.

दाराच्या आतल्या बाजूला आम्ही नुसते कोरडे फडके फिरवले. तिथे आजोबांच्या हातची पेन्सिलची अक्षरे निघाली, साल, गट आणि किती टन ऊस गेला ते, एकाखाली एक. पॉलिशवाल्याचे मशीन दोन मिनिटे फिरले असते तर तो सगळा हिशेब भुशात गेला असता. थोरले बंधू बराच वेळ वाचीत उभे होते. मग म्हणाले, "हे कपाट कुणाच्या वाटणीत घालू नका. आईपाशीच राहू द्या."

कोरीव किंवा रंगचित्रे असलेले फार जुने कपाट असेल तर स्वतः प्रयोग न करता जाणकाराला दाखवावे. बाकीच्यांनी यंदा थंडीत एक दुपार काढावी. टेम्पोवाल्याला हो म्हणण्याआधी कपाटाच्या मागच्या बाजूला एकदा स्पिरिटचा बोळा लावून बघा.