विश्लेषण : डबीतल्या जुन्या नाण्यावरचा ‘एमएस ६५’ हा आकडा कोणाच्या भरवशावर घ्यायचा?

सोयाबीन घेऊन वाशीम किंवा मालेगावच्या बाजारात जाणाऱ्या जऊळक्याच्या शेतकऱ्याला ‘मॉइश्चर’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. दाणा तोच असतो. पण यंत्र कोणाचे आणि त्यावरचा आकडा कोण वाचतो, यावर भाव ठरतो. जुन्या नाण्यांच्या बाजारात सध्या असाच एक आकडा फिरतो आहे आणि तो थेट मोबाइलवर येतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया, वर छापील लेबल, बारकोड, क्यूआर कोड आणि ‘एमएस ६४’ किंवा ‘एमएस ६५’. तसाच रुपया सराफाकडे सुटा मिळतो त्यापेक्षा डबीतल्या रुपयाची किंमत कितीतरी जास्त सांगितली जाते. हा जादा पैसा नाण्याचा नसतो, लेबलचा असतो. म्हणून लेबल कोणाचे, हा प्रश्न आधी येतो.

हा आकडा आला कुठून?

अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पुढे ती सर्वच नाण्यांना लागू झाली. ६० ते ७० म्हणजे ‘मिंट स्टेट’, थोडक्यात एमएस : टांकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात न वापरलेले नाणे. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी नाणी तपासून, आकडा देऊन, डबीत सील करण्याचा धंदा सुरू केला. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. १९९१ मध्ये पीएसए या कंपनीने हीच पद्धत बेसबॉलसारख्या खेळांच्या जुन्या कार्डांसाठी आणली. तिथे मोजपट्टी १ ते १० ची. आपल्याकडे च्युइंगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी जपून ठेवली, त्यांच्याही कानावर आता ‘ग्रेड करून घ्या’ हे शब्द येऊ लागले आहेत.

मूळ कल्पना चांगलीच होती. नाणे हातात न घेता दूरच्या माणसाने ते विकत घ्यावे, यासाठी विकणारा आणि घेणारा या दोघांचाही नसलेला तिसरा कोणीतरी हवा. त्याने वस्तू खरी आहे का आणि किती चांगल्या स्थितीत आहे, एवढेच सांगायचे. त्याचे सांगणे चुकले तर ठरलेल्या अटींनुसार भरपाईही द्यायची. आकड्यामागे असे पैसे उभे असतात, तेव्हाच त्या आकड्याला वजन येते.

मग धोका कुठे आहे?

सोन्याच्या दागिन्याचा हॉलमार्क ही भारतीय मानक ब्यूरोची व्यवस्था आहे. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा आहे आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर कोणालाही तपासता येतो. नाण्यांच्या ग्रेडिंगला अशी सरकारी चौकट नाही. रिकाम्या डब्या विकत मिळतात, लेबल छापायला प्रिंटर पुरतो आणि वेबसाइट एका दिवसात उभी राहते. क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच कंपनीचे पान उघडते आणि लेबलवर छापलेलेच पुन्हा दाखवते. स्वतःच दाखला लिहायचा आणि पडताळणीही स्वतःच करायची, असा हा प्रकार. अनेकदा डबी भरणारा आणि विकणारा एकाच दुकानातला असतो. मग ‘तिसरा’ उरतोच कुठे?

खरी मेख बारीक फरकात आहे. एमएस ६२ आणि एमएस ६५ यांतला फरक नवख्याच्या डोळ्याला दिसत नाही. भिंगातून, तिरक्या उजेडात, तशी शेकडो नाणी पाहिलेल्या माणसालाच तो कळतो. किमतीतला फरक मात्र कोणालाही दिसतो. सैल हाताने ग्रेड देणारी कंपनी दोन-तीन अंक वाढवून देते आणि गिऱ्हाईक खूश होते. तेच नाणे पुढे विकायला काढले की जाणकार व्यापारी डबीकडे बघतही नाही. आतले नाणे पाहतो आणि सुट्या नाण्याचा भाव सांगतो.

घासलेल्या नाण्यांची गोष्ट याहून वाईट. आपल्या घरोघरी जुना रुपया चिंच, लिंबू किंवा राखेने चकचकीत करायची सवय आहे, विशेषतः दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. पूजेला ते शोभते. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र नाण्याची मूळ झळाळी तिथेच गेली. काटेकोर कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही, ‘साफ केलेले’ असा शेरा मारते. सैल कंपनीच्या डबीत तेच नाणे ‘एमएस ६४’ होऊन बसते आणि त्याची चमक फोटोत आणखीच खुलते.

‘जुने’ म्हणजे ‘दुर्मीळ’ का?

नाही. १८६२ चा रुपया हे उत्तम उदाहरण. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचे साल पाहून नवखा माणूस हरखतो. पण टांकसाळींनी १८६२ हे साल नाण्यावर तसेच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले. त्यामुळे असे रुपये भरपूर आहेत. त्यांचे बारीक प्रकार पडतात, त्यांतले काही खरेच कमी मिळतात. पण लेबलवर नुसते ‘१८६२, दुर्मीळ’ लिहिलेले असेल तर लिहिणाऱ्याला विषय कळत नाही किंवा तो सांगत नाही.

उलट जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा मुंबईचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे आणि नेमकी म्हणूनच त्याची खोटी नाणी निघतात. सालातला शेवटचा आकडा कोरून बदलणे ही जुनी युक्ती आहे. असे नाणे अनोळखी कंपनीच्या डबीत असेल तर सावध व्हायलाच हवे. डबीमुळे कडा नीट दिसत नाही, वजन करता येत नाही, बोटाने चाचपता येत नाही. जो पुरावा डबीने राखायचा, तोच ती झाकते.

राम-सीता-हनुमान आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे छापलेली तांब्याची नाणी तर कंपनीच्या टांकसाळीतली नाहीतच. ती देवघरात ठेवायला हरकत नाही. त्यांना ‘ग्रेड’ देणारी डबी दिसली तर त्या कंपनीच्या बाकी साऱ्या डब्यांचे मोल कळले, असे समजावे.

नावाजलेल्या कंपन्या चुकत नाहीत का?

चुकतात. पीएसएने ग्रेड केलेले पहिलेच कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे. त्याला १० पैकी ८ अंक मिळाले आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकले गेले. ज्याच्या हातून ते पूर्वी विकले गेले होते त्या बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले, की कार्ड सुबक दिसावे म्हणून त्याने कडा कापल्या होत्या. अशा कापाकापीला या बाजारात माफी नाही. दुसरी अडचण नकली डब्यांची. मोठ्या कंपनीची हुबेहूब डबी आणि खरा क्रमांक वापरून आत भलतेच नाणे ठेवले जाते. म्हणून क्रमांक जुळला एवढ्यावर न थांबता, कंपनीने आपल्या पानावर फोटो दिला असेल तर ओरखडे, डाग एकेक करून जुळवावे लागतात.

कायदा कुठे आडवा येतो?

इथे बहुतेक खरेदीदार अंधारात असतात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो परदेशी पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. म्हणजे आजोबांच्या पेटीतला शिवराई पैसा किंवा १८६२ चा रुपया ‘अमेरिकेत पाठवून ग्रेड करून आणतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तो गुन्ह्याची वाट दाखवतो आहे. नाणे परदेशातल्याच संग्रहातून डबीसकट आले असणे शक्य आहे; ते कसे आले, याची कागदपत्रे विक्रेत्याकडे मागावीत.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. नांगराच्या फाळाला काही लागले, अशी बातमी या भागात कोणालाच अशक्य वाटत नाही. त्यामुळे हेही सांगायला हवे : जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त मोलाचा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तो परस्पर डबीत घालून विकता येत नाही.

घेण्यापूर्वी काय विचाराल?

विक्रेत्याला एकच प्रश्न आधी विचारा : ‘हीच डबी सहा महिन्यांनी मी परत आणली तर तुम्ही कितीला घ्याल?’ उत्तर लेखी मिळत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा. नंतर ग्रेड चुकीची निघाली तर भरपाई कोण देणार, हे कंपनीच्या अटींत शोधा. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला फोटो दाखवून सुट्या नाण्याचा भाव विचारा.

तळाचा हिशेब स्वतः करता येतो. १९४० पूर्वीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. सुटे नाणे सराफाच्या काट्यावर ठेवले की निम्मी शंका फिटते. त्या दिवसाच्या चांदीच्या भावापेक्षा जेवढे जास्त मागितले जाते, तेवढेच आपण कोणाच्या तरी शब्दासाठी मोजत असतो. खरी नाणी पाहून डोळा तयार करायचा असेल तर नागपूरच्या अजब बंगल्यात आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेच्या संग्रहालयात ती पाहायला मिळतात.

आणि विकायचे असेल तर?

‘ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचे नाणे, ७८६ क्रमांक : लाखो रुपये मिळवा’ हे संदेश अजून थांबलेले नाहीत. त्यात आता ‘आधी ग्रेडिंग फी भरा’ अशी नवी पायरी जोडली जाते. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क वा कमिशन घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. नाणे हातात असताना पैसे भरायला सांगणारा गिऱ्हाईक नसतो.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. डबी घेतली पण माल सांगितल्यासारखा निघाला नाही, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. विक्रेता दिल्लीचा असो की कोलकात्याचा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे जऊळक्याच्या माणसाला वाशीमला दाखल करता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्कही नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवावा आणि डबी फोडू नये. फोडल्यावर आत कोणते नाणे होते, हे सिद्ध करणे अवघड जाते.