जसे भांडे, तशी कॉफी

दिवाळीच्या सुटीत पुणे, हैदराबाद किंवा बेंगळुरूहून गोंदियाला परतणाऱ्या मुलामुलींच्या बॅगेत अलीकडे मिठाईच्या डब्यासोबत कॉफीचे एखादे पाकीट निघते. पाकिटावर मळ्याचे नाव, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, भाजण्याचा प्रकार असे बरेच काही छापलेले असते. किंमतही नेहमीच्या कॉफीपेक्षा चांगलीच जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ती पूड चहापत्तीसारखी पातेल्यात टाकते आणि दूध-साखर घालून पाच-सात मिनिटे खळखळ उकळते. पहिल्या घोटालाच सगळ्यांची तोंडे वाकडी होतात. ‘एवढी महागाची कॉफी आणि अशी कडू?’ पाकीट फडताळात मागे सरकते आणि पावसाळा येईपर्यंत त्याचा वास उडून गेलेला असतो.

यात दोष कॉफीचा नाही आणि आईचाही नाही. जोडी चुकली, एवढेच.

धानाच्या जिल्ह्यात ही गोष्ट समजायला अवघड नाही. मुरमुऱ्याला लागणारे धान वेगळे, पोह्याला लागणारे वेगळे. सणाच्या भाताला चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ हवा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, जुना मोकळा शिजतो. उसना तांदूळ आणि अरवा तांदूळ एकाच धानाचे असले तरी पातेल्यात सारखे वागत नाहीत. कॉफीचे गणितही असेच आहे. बी कोणते, ते किती भाजले, किती बारीक दळले आणि कोणत्या भांड्यात काढले, या चार गोष्टी जुळल्या तर चव येते. याच चार गोष्टींवर कपातून आपल्या शरीरात काय जाते हेही बऱ्याच अंशी ठरते. म्हणून हा विषय केवळ शौकाचा नाही.

बी कोणते?

बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. अरेबिका उंच, थंड डोंगरांवर वाढते. तिची चव सौम्य, किंचित आंबटगोड आणि सुगंधी असते. रोबस्टा कमी उंचीवर, उष्ण हवेत तग धरते. ती कडक, कडवट आणि दाट लागते. तिच्यात कॅफीनही अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के रोबस्टा आहे आणि सर्वाधिक पीक कर्नाटकात येते.

कॉफी म्हणजे फक्त दक्षिणेचे पीक, असे मात्र नाही. आपल्याच विदर्भात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बस्तरच्या दरभा भागातही अलीकडच्या वर्षांत कॉफीची लागवड झाली आहे.

भाजणे : लाहीचेच विज्ञान

कॉफीचे कच्चे बी हिरवट आणि टणक असते. त्यात दहा-बारा टक्के पाणी असते. कढईत साळीची लाही फुटते ती आतल्या पाण्याची वाफ होऊन दाब वाढल्यामुळे. कॉफीचे बीही साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असेच तडकते. या पहिल्या तडतडीनंतर लवकर थांबवले तर हलकी भाजणी, थोडे पुढे गेले तर मध्यम आणि दुसरी तडतड सुरू होईपर्यंत भाजले तर गडद.

हलक्या भाजणीत बियांचा मूळ स्वाद आणि आंबटपणा टिकतो. पण बी टणक राहिल्याने त्याचा अर्क सहज निघत नाही. गडद भाजणीत बी सच्छिद्र होते, अर्क पटकन उतरतो आणि कडवटपणा पुढे येतो. गडद कॉफीत कॅफीन जास्त असते, हा समज मात्र बरोबर नाही. भाजण्याने कॅफीन फारसे बदलत नाही. ते ठरते बियांच्या जातीवर आणि आपण किती पूड घेतो त्यावर.

दळणे आणि वेळ

पाण्यात कॉफीचे सगळे घटक एकदम उतरत नाहीत. आधी आंबट, मग गोड, शेवटी कडू घटक निघतात. कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर अर्क कमी निघाला असे समजावे. कडू आणि घशाला तुरट लागली तर जास्त. यावरून एक साधा नियम निघतो : पाण्याशी संगत जितकी लांब, तितके दळण जाड. संगत थोडी असेल तर दळण बारीक.

दळायला वेगळे यंत्र नसले तरी मिक्सरचे छोटे भांडे चालते. सलग न फिरवता तीन-चार सेकंदांचे झटके द्यावेत, नाहीतर पूड गरम होऊन सुगंध जातो. मग रव्याच्या चाळणीने जाड-बारीक वेगळे करावे. भांड्याला मसाल्याचा वास नसावा, एवढी काळजी घ्यावी.

कोणत्या भांड्याला काय?

पातेले : आपल्या घरांतली जुनी, जायफळ घातलेली कॉफी याच पद्धतीची. दूध घालायचे असल्याने मध्यम-गडद भाजणी आणि थोडी रोबस्टा मिसळलेली पूड घ्यावी, म्हणजे दुधात चव हरवत नाही. पाणी उकळले की गॅस बंद करून पूड घालावी, झाकण ठेवावे, चार मिनिटांनी सुती फडक्यातून गाळावे. गरम दूध आणि चिमूटभर जायफळ वरून घालावे. पूड खळखळ उकळू नये.

दाक्षिणात्य फिल्टर : स्टीलचे किंवा पितळेचे दोन मजली भांडे. मध्यम-गडद भाजणी, बारीक रव्याहून किंचित बारीक पूड. वरच्या भांड्यात ती हलकेच दाबून गरम पाणी ओतावे आणि पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी. या पुडीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, मिसळलेली असते. त्यामुळे अर्क दाट होतो. चिकोरीत कॅफीन नसते. नियमानुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. विकत घेताना ते वाचावे. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो, त्या तरोट्याच्या भाजलेल्या बियांचाही कॉफीला पर्याय म्हणून वापर होत आला आहे.

फ्रेंच प्रेस : दांड्याला जाळी असलेले काचेचे भांडे. मध्यम भाजणीची, जाड रव्यासारखी पूड घ्यावी. एका मोठ्या कपाला, म्हणजे २५० मिलिलिटर पाण्याला, १५ ग्रॅम पूड. चार मिनिटांनी दांडा खाली दाबून लगेच कपात ओतावी.

मोका पॉट : इटलीत १९३३ साली आलेले, वाफेच्या दाबावर चालणारे छोटे भांडे. गडद किंवा मध्यम-गडद भाजणी, फिल्टरसारखीच बारीक पूड. आच मंद ठेवावी आणि गुडगुड आवाज येताच उतरवावे.

कागदी गाळणी : हलक्या किंवा मध्यम भाजणीच्या अरेबिकाला सर्वांत न्याय देणारी पद्धत. ही कॉफी बिनदुधाची प्यावी. सुटीत मुलांनी आणलेले महागाचे पाकीट बहुधा यासाठीच असते. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने ही गाळणी शोधली. पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडून तिने मुलाच्या वहीतला टिपकागद आत बसवला होता.

थंड कॉफी : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हाची सोय. जाड पूड एक भाग, थंड पाणी आठ ते दहा भाग, बारा तास भिजवून गाळावे. हे भिजवणे फ्रिजमध्येच करावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात असे पाणी रात्रभर ओट्यावर राहिले तर त्यात जंतू वाढू शकतात.

आता शरीराचे

पहिला मुद्दा कोलेस्टेरॉलचा. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो. तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. नॉर्वेतल्या ट्रोम्सो येथील पाहणीतून १९८३ मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध पुढे आला. तिकडे तेव्हा कॉफी उकळून, न गाळता पिण्याची पद्धत होती. कागदी गाळणीत हे तेल जवळजवळ सगळे अडकते आणि दाट विणीचे सुती कापडही बरेचसे अडवते. धातूच्या जाळीतून मात्र ते कपात उतरते. म्हणून ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी उकळून न गाळलेली किंवा फ्रेंच प्रेसची कॉफी रोज पिऊ नये. आजीचे गाळायचे फडके या बाबतीत शास्त्राला धरूनच होते.

दुसरा मुद्दा लोहाचा आणि आपल्यासाठी तो अधिक महत्त्वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. आपल्या भात-भाजीच्या जेवणातले लोह आधीच कमी शोषले जाते. त्यावर चहा-कॉफी घेतली तर शोषण आणखी घटते. १९८३ च्याच एका प्रयोगात जेवणासोबतच्या एक कप कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहाने ६४ टक्क्यांनी कमी झाले. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीचा परिणाम दिसला नाही. तासाभराने नंतर घेतलेल्या कॉफीचा मात्र दिसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. जेवणानंतरचे अंतर त्याहून जास्त ठेवता आले तर उत्तम. लोहाची गोळीही कॉफीसोबत घेऊ नये. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यामुळे रक्त कमी दिसले की तपासणीशिवाय स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

तिसरा मुद्दा कॅफीनचा. याच मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा दिली आहे. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे दिवसभराचे चार कप चहा आणि वर संध्याकाळची एक कडक कॉफी इतक्यात आपण मर्यादेला टेकू शकतो. रक्तातले निम्मे कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकरालाही अर्धी शिल्लक असते. अभ्यासासाठी रात्री कॉफी पिणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. गरोदरपणात कॅफीन आणखी हळू उतरते, म्हणून त्या काळात प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तेव्हा पुढच्या वेळी घरी असे पाकीट आले की आधी त्यावरची भाजणी वाचावी. ‘हलकी’ किंवा ‘मध्यम’ असेल तर दुधाचे पातेले बाजूला ठेवावे. कागदी गाळणी नसेल तर धुतलेले सुती फडके चहाच्या गाळणीत अंथरावे, दोन मोठे चमचे पूड घ्यावी आणि उकळी बसलेले कपभर पाणी हळूहळू ओतावे. दुपारी, जेवण होऊन दोन तास झाल्यावर आईलाही त्यातला अर्धा कप द्यावा. साखर आधी न घालता.