घोड्यासाठी जमीन पाहावी ती ज्येष्ठात

झाशी म्हटले की मराठी मनापुढे घोडा उभा राहतो. प्रेमनगरसारख्या शहरी वस्तीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबास गावाबाहेर जमीन घेऊन दोन घोडे पाळावेसे वाटले, तर नवल नाही. परंतु वाचकहो, न मानवलेला घोडा विकता येतो. चुकीची जमीन मात्र गळ्यात पडते आणि आयुष्याची पुंजी तीत अडकते.

प्रथम कागद पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा सामान्यतः शेतकरीच असावा लागतो. उत्तर प्रदेशात तशी अट नाही. तेथे आपल्या सातबाऱ्याच्या जागी खतौनी असते. तीत विकणाऱ्याची नोंद ‘संक्रमणीय भूमिधर’ अशी आहे ना, हे पाहावे. ‘असंक्रमणीय’ भूमिधरास जमीन विकता येत नाही. खरेदीखतानंतर दाखिल-खारिज, म्हणजे फेरफार, अवश्य करून घ्यावा.

मग पाणी. श्रावणात बुंदेलखंडातील प्रत्येक माळ हिरवा दिसतो. पण खाली कठीण खडक असल्याने अनेक विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. म्हणून जमीन पाहावी ती ज्येष्ठात. घोड्यास पिण्यासाठी दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. खरे पाणी लागते ते हिरव्या चाऱ्यास. चारशे किलो वजनाचा घोडा दिवसाला सुमारे आठ किलो सुका चारा खातो. दोन घोड्यांस वर्षाकाठी सुमारे अठ्ठावन्न क्विंटल झाले.

चारा निवडतानाही विवेक हवा. संकरित नेपियर गाई-म्हशींस उत्तम. परंतु त्यातील ऑक्झलेट शरीरास कॅल्शियम मिळू देत नाही. केवळ त्यावर पोसलेल्या घोड्याची हाडे दुबळी होतात. हरळी, ओट आणि थोडा लसूणघास ही जोड बरी. सुदैवाने भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था १९६२ पासून झाशीतच आहे. तिचा सल्ला घ्यावा.

तबेला उंच, मुरमाड भागी बांधावा आणि काळी जमीन चाऱ्यास ठेवावी. चिखलात खूर कुजतात. पावसाळ्यात रक्तपिपासू गोमाश्यांमुळे सर्रा हा रोग पसरतो, म्हणून लीद रोज दूर खड्ड्यात टाकावी. तिचे खतही उत्तम होते. नवा घोडा आणण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी चुकवू नये. हा रोग माणसासही प्राणघातक ठरू शकतो.

एवढी सिद्धता ज्या घरी आहे, त्या घरी मुलांनी खुशाल रिकिबीत पाय ठेवावा. जमिनीने घोड्यास बारा महिने पोसले, तरच घोडा घरास शोभा आणतो.