औषधाआधी पाणी: नगरच्या जड पाण्यात मासे आजारी का पडतात?

टँकमधला मासा सुस्त दिसला की आपण काय करतो? दुकानात जातो, निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली आणतो आणि सांगितलेले थेंब पाण्यात टाकतो. कधी मासा बरा होतो, कधी दोन दिवसांत सगळा टँकच रिकामा होतो. मग "औषध डुप्लिकेट होतं" किंवा "मासेच कमजोर होते" असं म्हणून विषय संपतो.

यातला मधला टप्पा बहुतेक वेळा राहून जातो. तो म्हणजे पाणी तपासणं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे सवयीने आपण ज्याला नगर म्हणतो तिथे, हा टप्पा जास्तच महत्त्वाचा आहे. असं का, ते या लेखात बघू.

तीन वर्तुळं

स्निएस्को नावाच्या अमेरिकन मत्स्यरोगतज्ज्ञाने १९७४ मधल्या एका लेखात माशांच्या रोगांबद्दल एक साधी गोष्ट मांडली. ती आजही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. तीन वर्तुळं काढा: मासा, रोगजंतू आणि परिसर. ही तिन्ही जिथे एकमेकांवर येतात, तिथेच रोग होतो. जंतू टँकमध्ये असणं म्हणजे रोग असणं नव्हे. अनेक जिवाणू चांगल्या टँकमध्येही कायम असतातच. पाणी बिघडलं, माशाची ताकद कमी झाली, की ते डोकं वर काढतात.

माशासाठी परिसर म्हणजे पाणी. तो त्याच पाण्यात श्वास घेतो, खातो आणि विष्ठाही तिथेच टाकतो. शिवाय कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर सोडतो. तळ्यात हा अमोनिया पातळ होऊन जातो. दोन फुटी टँकमध्ये तो जाणार कुठे?

एकच अमोनिया, दोन रूपं

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप विद्युतभारित, म्हणजे अमोनियम. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरं भार नसलेलं. ते कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरतं आणि तेच विषारी. बाजारातलं टेस्ट किट मात्र दोन्हींची बेरीज दाखवतं. त्यातला विषारी हिस्सा किती, हे पाण्याचा पीएच आणि तापमान ठरवतं.

२५ अंश सेल्सियसला हिशोब असा पडतो. पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो साडेपाच टक्क्यांच्या जवळ जातो आणि ८.५ ला १५ टक्क्यांवर. तापमान ३० अंश झालं तर पीएच ८ लाच साडेसात टक्के होतात.

आता समजा किट लिटरला १ मिलिग्रॅम दाखवतंय. विषारी अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की कल्ल्यांना इजा व्हायला लागते, आणि २ च्या आसपास मासे मरतात, असं साधारणपणे धरतात. म्हणजे पीएच ७ च्या टँकमध्ये हा आकडा तूर्तास निभावून जाईल. पीएच ८ ला आपण रेषेवर आलो. पीएच ८.५ ला रेषेच्या तिप्पट! किटवरचा रंग मात्र तिन्ही वेळा सारखाच.

यात नगरचं काय?

आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकावर बसलेला आहे. या खडकातून झिरपणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणूनच आपल्याकडे बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. अशा पाण्याचा पीएच सहसा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालच्या पट्ट्यात तर कित्येक विहिरींचं पाणी मचूळ झालंय. त्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या घरात. म्हणजे अमोनिया जास्त विषारी होण्याची दोन्ही कारणं आपल्याकडे एकत्र नांदतात.

तिसरं कारण ऑक्सिजन. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. हे आकडे समुद्रसपाटीचे. नगर शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे त्याहूनही थोडा कमी. कल्ले अमोनियाने सुजलेले आणि पाण्यात ऑक्सिजन कमी, मग मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो. आपण म्हणतो, "भूक लागली वाटतं," आणि आणखी खायला टाकतो. ते कुजून अमोनिया आणखी वाढतो.

जड पाणी वाईटच असतं असं मात्र नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना तेच मानवतं. गोल्डफिशही छान राहतो. फक्त या पाण्यात अमोनियाला माफी नाही. आणि लिंबू किंवा व्हिनेगर टाकून पीएच उतरवायच्या फंदात पडू नका. जड पाण्यातला बायकार्बोनेट ते आम्ल खाऊन टाकतो, पीएच पुन्हा वर येतो, आणि या वरखाली होण्याचाच माशाला जास्त त्रास होतो.

फिल्टरमधले कामगार

अमोनिया कमी करण्याचं खरं काम फिल्टरच्या स्पंजवर राहणारे सूक्ष्मजीव करतात. विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत चालतं: काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानाने सौम्य. शंभरहून जास्त वर्षं पुस्तकात हेच होतं.

मग चित्र बदललं. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी घरगुती आणि दुकानांतल्या टँकचे फिल्टर तपासले. गोड्या पाण्याच्या बहुतेक टँकमध्ये पहिल्या टप्प्याचं काम करणाऱ्यांत जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्याच गटाची संख्या जास्त निघाली. २०१५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी आले: दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पिरा जिवाणू सापडला होता. त्यातला एक गट नेदरलँड्सचा होता, आणि त्यांना तो मासे पाळण्याच्या यंत्रणेला जोडलेल्या फिल्टरमध्येच मिळाला.

आपल्यासाठी यातला मुद्दा साधा आहे. हे जीव सावकाश वाढतात. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधीच दहा-बारा मासे सोडले तर पहिल्या महिन्यातच ते का जातात, हे आता लक्षात येईल.

या कामगारांना आपण नकळत तीन प्रकारे मारतो:

- स्पंज नळाखाली खळखळून धुतो. शहरात मुळा धरणाचं पाणी क्लोरीन टाकून येतं, आणि क्लोरीनचं कामच जिवाणू मारणं. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळा.
- वीज जाते. फिल्टर चार-पाच तास बंद राहिला की आतल्या जीवांचा ऑक्सिजन संपतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप टँकपाशी ठेवाच. बंद डब्याचा फिल्टर असेल तर वीज आल्यावर आतलं साचलेलं पाणी ओतून मगच चालू करा.
- औषध थेट मुख्य टँकमध्ये टाकतो. मिथिलीन ब्लू आणि अनेक प्रतिजैविकं फिल्टरचीही वाट लावतात.

सगळे एकदम की एकेक करून?

मासा आजारी दिसला तर पहिला प्रश्न हाच विचारा.

सगळे मासे एकाच दिवशी वर येऊन धापा टाकतायत, कल्ले लालभडक किंवा तपकिरी झालेत, तर संशय पाण्यावर घ्या. अमोनिया, नायट्राइट, क्लोरीन किंवा ऑक्सिजन, यातलं काहीतरी बिघडलंय. इथे औषध टाकणं म्हणजे वेळ घालवणं. लगेच एअर पंप वाढवा, खाणं बंद करा, २५ ते ५० टक्के पाणी बदला. टँकचा पीएच नव्या पाण्यापेक्षा बराच कमी असेल तर एकदम अर्धं न बदलता थोडं थोडं बदला. नाहीतर साठलेला अमोनिया एकदम विषारी रूपात जाईल. नायट्राइट जास्त असेल तर लिटरला एक ग्रॅमपर्यंत खडे मीठ उपयोगी पडतं. त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

एक मासा आजारी, चार दिवसांनी दुसरा, मग तिसरा, असं होत असेल तर जंतू किंवा परजीवी. आता नीट निरखून बघा.

*मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके.* हा इक. याचं शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे 'पुष्कळ पोरं असलेली माशाची ऊ'. ठिपक्यातला परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे त्याला औषध लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला बसतो, भोवती कवच करतो आणि फुटून शेकडो पिल्लं सोडतो. ही पिल्लं पोहत मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं. २५ अंशांना हे चक्र आठवडाभरात पूर्ण होतं, थंडीत कित्येक आठवडे रेंगाळतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. हीटर नसलेल्या टँकमध्ये तेव्हा ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवलं, तर तळाशी बसलेले अजून फुटायचे बाकी असतात. म्हणून तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांवर न्या, हवा जोरात ठेवा, आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवा. गोल्डफिशला मात्र इतकी ऊब सोसेलच असं नाही.

एक फसगत टाळा. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर पांढरे दाणे येतात. तो रोग नाही.

*तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा पांढुरका थर.* बरेच जण याला बुरशी समजतात, पण अनेकदा तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग असतो. इकच्या अगदी उलट, गरम पाण्यात तो झपाट्याने वाढतो, आणि जड पाण्यात हा जिवाणू माशाला जास्त चिकटतो असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे रोग न ओळखता हीटर वाढवला तर घात होऊ शकतो. इथे तापमान थोडं कमी ठेवा आणि आजारी मासा लगेच वेगळा करा.

*पोट फुगलंय आणि खवले उभे राहिलेत.* याला ड्रॉप्सी म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून आतले अवयव निकामी होत असल्याचं लक्षण आहे. इथवर पोचलेला मासा क्वचितच वाचतो. बाकीच्यांसाठी पाणी तपासा.

कॅप्सूल फोडण्याआधी

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टँकमध्ये फोडायची पद्धत जुनी आहे. टेट्रासायक्लिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन ही औषधं कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट बांधली जातात. आपल्या जड पाण्यात ती माशापर्यंत पोचण्याआधीच बरीचशी निकामी होतात. उरतात त्यांचे तोटे: बिघडलेला फिल्टर, आणि थोड्या औषधाला सरावलेले जिवाणू. हेच टँकचं पाणी पुढे गटारात जातं. प्रतिजैविकं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत हा नियम आहे, तो उगाच नाही.

मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध वापरताना हातमोजे घाला. खाण्याच्या माशांसाठी त्यावर अनेक देशांत बंदी आहे. कुठलंही औषध द्यायचं ते वेगळ्या टबमध्ये, फिल्टरमधला कोळसा काढून, टबात किती लिटर पाणी आहे ते मोजून.

रोग येऊच नये म्हणून

- नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा. त्याची जाळीही वेगळी. कोलकाता किंवा चेन्नईहून मुंबईमार्गे आलेला मासा थकून आलेला असतो. आठवडाभर ठणठणीत दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.
- नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवा किंवा अँटी-क्लोरीन वापरा. बोअरचं पाणी रात्रभर एअर पंप लावून ठेवा आणि पीएच सकाळी मोजा. जमिनीखालून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो उडून गेला की पीएच चढतो. खरा आकडा तोच.
- दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला. दोन मिनिटांत संपेल इतकंच खायला घाला.
- थेंबांचं टेस्ट किट घ्या आणि पीएच, अमोनिया, तापमान हे तीन आकडे वहीत तारखेसह लिहा. मासा आजारी पडल्यावर हीच वही सगळ्यात जास्त कामाला येते.

हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका. आजारी माशांमधला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू माणसाच्या कातडीत शिरून महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी करतो. अशी गाठ आली तर डॉक्टरांना "घरी मासे आहेत" हे आवर्जून सांगा. एरवी ते त्यांच्या डोक्यात येईलच असं नाही.

आणि आजारी किंवा नकोसा मासा विहिरीत, ओढ्यात, धरणात सोडू नका. कर्जत तालुक्याला लागून असलेल्या उजनीच्या जलाशयात आज मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतो. तो दक्षिण अमेरिकेतला, काच साफ करायला म्हणून टँकसाठी आणलेला. मासा सोडला की त्याच्यासोबत त्याचे जंतूही जातात, आणि त्या पाण्यावर पोट असलेल्यांना ते परत काढता येत नाहीत.